डाव्या हाताची वही

दिल्लीला जाऊन आलो म्हटलं की लोक लाल किल्ल्याचं विचारतात. लाल किल्ला मी रिक्षातून जाता जाता एकदा पाहिला, तेही मान वळवेपर्यंत मागे पडला. कुतुबमिनार पाहिला नाही. मी दिल्लीत पाच आठवडे होतो आणि त्यातले बरेच दिवस एका सरकारी रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाकावर काढले. त्या बाकाची उजवी पट्टी सैल आहे, बसणाऱ्याने डावीकडे बसावं. प्रेक्षणीय स्थळांची माहिती हवी असेल त्यांनी दुसरं काही वाचावं.

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मी कोल्हापुरात वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. उभी हयात दुकानदारांच्या तराजूंवर संशय घेण्यात गेली. सरकार मला त्यासाठीच पगार देत होतं आणि मी तो हलाल केला. निवृत्त झालो तरी सवय काही निवृत्त झाली नाही. आमची मृणाल म्हणते, बाबांना देवानं प्रसाद दिला तरी ते वाटी उलटी करून तळाला मेण लावलंय का बघतील.

मृणाल माझी एकुलती एक मुलगी, हायस्कुलात मराठी शिकवते. तिची आई रक्तदाबानं गेली. स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली ती उठलीच नाही. तिचा रक्तदाब कुणी कधी मोजलाच नव्हता, आणि ज्या घरात जगातल्या सगळ्या गोष्टी मोजल्या जात त्या घरात हे घडलं. तेराव्यानंतर मी पाऱ्याचं यंत्र विकत आणलं, कंपाउंडरकडून शिकून घेतलं, यंत्राची पडताळणी स्वतः केली आणि दर रविवारी सकाळी मृणालचा रक्तदाब मोजू लागलो. ती टेबलाशी बसून उजव्या हाताने मुलांच्या वह्या तपासायची आणि डावा हात माझ्याकडे द्यायची. आकडा मी वहीत लिहायचो. चार वर्षांत एक रविवार चुकला नाही.

आकडा नेहमी कमीच यायचा, आणि पुढे पुढे आणखी कमी. मला त्याचा आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू! आईसारखं नाही हे बघून मी निश्चिंत असायचो. कमी असला की मिठाचं लिंबूपाणी द्यायचं, हे मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते माझी वही पाहायचे, “इतकं व्यवस्थित कोण ठेवतं हो!” म्हणायचे आणि स्वतःचं यंत्र पेटीतच ठेवायचे.

मग तिचे सांधे दुखू लागले. संध्याकाळी कणकण, वजन उतरलेलं, वेणी घालताना हात भरून यायचा. संधिवाताच्या गोळ्या झाल्या. रक्त तपासलं की शरीरात कुठेतरी सूज आहे एवढं दिसायचं, कुठे ते दिसायचं नाही. तेव्हा माझा मेहुणा श्रीकांत याचं दिल्लीहून पत्र आलं. तो केंद्र सरकारच्या नोकरीत, मयूर विहारला राहतो. त्याने लिहिलं, “दाजी, इथे एक डॉक्टर मॅडम आहेत, याच आजारांवर संशोधन करतात. घेऊन या तिला.”

संशोधन हा शब्द वाचला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. साधा डॉक्टर रोग घालवायला बघतो. संशोधन करणाऱ्याला रोग टिकला तरच काम, असं माझं तेव्हा मत होतं.

मयूर विहार, बुधवार

निजामुद्दीनला उतरलो, रिक्षाच्या मीटरचं सील तपासलं (तुटकं होतं, रिक्षावाला म्हणाला, “बाबूजी, सबका ऐसा ही है”), आणि श्रीकांतच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटवर पोचलो. त्याची बायको वैजू मूळची सांगलीची, पण वीस वर्षांत तिच्या पोह्यांत मटार आणि बोलण्यात हिंदी भरपूर शिरलंय. पोहे चांगले होते. फक्त शेंगदाणे नव्हते, आणि शेंगदाण्याशिवाय पोहे म्हणजे मला कुणीतरी मापात मारल्यासारखं वाटतं.

“अरे यार दाजी, बिल्कुल टेन्शन घेऊ नका,” श्रीकांत म्हणाला. “मॅडम एकदम सॉलिड आहेत.”

“तुला काय माहीत?”

“आमच्या ऑफिसमधल्या एकाच्या बायकोला बरं केलंय ना.”

“बरं केलं की अजून तपासतायत?”

यावर त्याने चहा मागवला.

संध्याकाळी खाली भाजीची गाडी आली. इथले भाजीवाले वर बाल्कनीकडे बघून ओरडतात, बायका वरून दोरीला पिशवी बांधून सोडतात आणि भाजीवर मूठभर कोथिंबीर-मिरच्या फुकट येतात. आपल्याकडे कोथिंबिरीच्या काडीसाठी भांडावं लागतं. ही पद्धत मला फार आवडली आणि म्हणूनच संशय आला. मी खाली उतरलो. भाजीवाला म्हातारा होता, दांडीचा तराजू, वजनांवरचे शिक्के जुनाट. मी त्याला बटाटे आणि वजन यांची पारडी बदलायला लावली. जो तराजू खरा असतो तो पारडी बदलली तरी तसाच राहतो. याचा एका बाजूला चांगला झुकला.

म्हातारा तराजूकडे बघतच राहिला. “बाबूजी, पंद्रह साल से इसी पलड़े में तौल रहा हूँ. आज तक किसी ने उलटा करके नहीं देखा.”

“किसीने नहीं देखा, पण तू तो देखना था!” मी माझ्या हिंदीत सुनावलं.

वैजू वरून “दाजी, या ना वर, प्लीज!” म्हणून हाका मारत होती. त्या म्हाताऱ्याचा चेहरा मला नंतर फार आठवला.

तिसरा मजला, गुरुवार आणि शुक्रवार

श्रीकांतने सांगितलेल्या बरुआ मॅडम आसामच्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी मृणालचे सांधे बघितले ते शेवटी. आधी दोन्ही मनगटं एकदम धरली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ बसल्या. मग मानेवर नळी लावली, खांद्याच्या हाडामागे लावली. मग मला म्हणाल्या, “आप ज़रा बाहर बैठिए.”

मी बाहेर बसलो. पंचवीस मिनिटं. दार उघडलं तेव्हा मृणालचे डोळे लाल होते आणि मला पाहताच दोघी बोलायच्या थांबल्या. दुकानात शिरलो की मालक आणि नोकर असे गप्प होतात ते मी हजारदा पाहिलंय.

मॅडमनी मला समजावून सांगितलं. शरीराची राखण करणारी शक्तीच कधीकधी उलटते आणि आपल्याच रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज आणते. सूज आली की वाहिनी आतून अरुंद होते. सांधेदुखी ही त्याच आगीची बाहेर आलेली धग. “स्कॅन की रिपोर्ट सोमवार को आएगी. मुझे शक नहीं है, पर देखना ज़रूरी है. दवा उसी दिन शुरू करनी होगी. देर की तो आँख और दिमाग़ की नलियाँ भी जा सकती हैं.”

“और उसका लो बीपी?” मी विचारलं. “चार साल का रेकॉर्ड है मेरे पास.”

मॅडमनी मृणालकडे पाहिलं. मृणालने टेबलाकडे पाहिलं. “बीपी की बात बाद में करेंगे,” मॅडम म्हणाल्या.

मग आल्या रक्ताच्या चार नळ्या. एक तपासणीची, तीन संशोधनासाठी, आणि सोबत चार पानी फॉर्म. मी चष्मा लावून पहिल्यापासून वाचला. तिसऱ्या पानावर होतं की उरलेलं रक्त गोठवून पुढच्या अभ्यासासाठी ठेवण्यात येईल. आलं लक्षात! म्हटलं, आमच्या पोरीचं रक्त कुठे ठेवणार ते दाखवा, मग सहीचं बघू.

“बाबा, सही माझी लागणार आहे,” मृणाल म्हणाली. “तुमची नाही.”

असं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

शुक्रवारी मॅडमनी खरंच मला प्रयोगशाळेत नेलं. कपाटाएवढा फ्रीजर, उघडला की पांढरी वाफ, आत नळ्यांचे डबे. दारावर तापमानाचा तक्ता, सकाळ-संध्याकाळ नोंद. मी तक्त्यावर बोट फिरवलं आणि एका रविवारी रिकामी जागा सापडली.

“ये दिन का क्या?”

“बिजली गई थी, जनरेटर भी नहीं चला. उस शेल्फ के सारे सैंपल फेंक दिए. दो साल का काम था.”

“आकडा डाल देते. कौन देखता है?”

त्या माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसल्या. “आप होते तो डाल देते?”

नोंद रिकामी ठेवणारी माणसं मी नोकरीत फार थोडी पाहिली. तरी माझा संशय गेला नाही, उलट वाढला. बाई तक्त्यात खोटं लिहीत नाही आणि माझ्यापासून मात्र काहीतरी लपवते, म्हणजे ते काहीतरी भयंकर असणार. मी सरळ विचारलं, मृणाल वाचणार नाही का? त्या म्हणाल्या, “दवा लेंगी तो अच्छी रहेंगी. बाक़ी मरीज़ वो हैं. जो बताना है, वही बताएँगी.”

आमची परतीची तिकिटं मंगळवारची होती. शुक्रवारी संध्याकाळी मी श्रीकांतला सांगून टाकलं की रिपोर्ट काही का येईना, मी तिला मंगळवारी घरी नेणार आणि पुण्यात दाखवणार. लपवाछपवी करणाऱ्या डॉक्टरच्या हातात मी पोर देत नाही. मृणालने ताटावरून मान वर केली नाही.

काला अंब, रविवार

रविवार आला. मी सवयीने यंत्र काढलं, वही उघडली. मृणाल म्हणाली, “आज नको बाबा, उशीर होईल.” चार वर्षांतला पहिला रविवार चुकला.

श्रीकांतने त्याच्या मित्राची गाडी आणली होती. दिल्लीतला मराठी माणूस पाहुण्याला पानिपत दाखवल्याशिवाय सोडत नाही. आपण पाहुण्यांना जिंकलेले गड दाखवतो, हे हरलेलं रणांगण दाखवतात, आणि जास्त मायेनं दाखवतात. वाटेत दोन्ही बाजूंना गहू. काला अंबला एक स्तंभ, बाग, शांतता. नाशिककडची एक बस आली होती. माणसं चपला काढून मातीला हात लावून कपाळी नेत होती. इथे आंब्याचं झाड होतं, रक्तानं फळं काळी पडली, असं एकजण सांगत होता. माझ्या तोंडावर आलं होतं की पुरावा काय, पण त्याच्या सोबतची म्हातारी डोळे पुसत होती म्हणून गप्प बसलो. मीही माती लावली. डोळे माझेही भरले, ते पानिपतासाठी की घरच्यासाठी ते मला सांगता येणार नाही.

बाहेर शिकंजीची गाडी होती. शिकंजी म्हणजे त्यांचं लिंबूपाणी, त्यात काळं मीठ, जिरं असा झणझणीत मसाला. सगळ्यांनी घेतली. मृणाल गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेली आणि हळूच म्हणाली, “भैया, मेरे में नमक मत डालना. बिल्कुल नहीं.”

आणि मग मी ऐकलं का ते बघायला तिने मागे पाहिलं.

मी स्तंभाकडे बघत असल्याचं दाखवलं. पण माझ्या तोंडातली शिकंजी कडू झाली. चार वर्षं या पोरीला मी मीठपाणी पाजलं. बीपी लो असणाऱ्या माणसाला मीठ का चालू नये? आणि हे माझ्यापासून का लपवावं?

परत आल्यावर ती आणि वैजू बाजारात गेल्या. त्या वळणावरून दिसेनाशा होईपर्यंत मी बाल्कनीत उभा राहिलो आणि मग तिची पिशवी उघडली. नोकरीत मी शेकडो धाडी घातल्या, पण लाज वाटली ती याच धाडीची. रुग्णालयाची फाइल कपड्यांच्या तळाशी होती.

रक्तदाबाचे दोन रकाने होते. डाव्यात ब्याऐंशी. उजव्यात एकशे शहात्तर.

मी पलंगावर बसलो. माझं यंत्र खरं होतं. पारा शून्यावर यायचा, नळी गळत नव्हती, वही चोख होती. डाव्या हाताची वाहिनीच आतून आवळत गेली होती, म्हणून तिथे आकडा पुढे पुढे आणखी कमी. खरा रक्तदाब उजव्या हातात, तिच्या आईसारखाच चढत होता, आणि मी त्यावर वरून मीठ घालत होतो. शेवटच्या वर्षी नळीतून ठोके जेमतेम ऐकू येऊ लागले तेव्हा मी स्वतःचे कान तपासून घेतले. यंत्रावर संशय घेतला, पाऱ्यावर घेतला, कानांवर घेतला. फक्त दुसरा हात मागितला नाही. पारडी बदलून बघा असं अख्ख्या जिल्ह्याला दरडावणारा मी. त्या भाजीवाल्याला मी काय काय बोललो होतो!

मी फाइल होती तशी ठेवली आणि वैजूच्या मोरीत जाऊन नळ सोडून रडलो.

पुन्हा तिसरा मजला, सोमवार

सकाळी मृणाल रिपोर्ट घ्यायला खालच्या रांगेत उभी होती तेवढ्यात मी वर गेलो आणि वही मॅडमच्या टेबलावर ठेवली.

“मुझे मालूम हो गया,” मी म्हणालो. “दोनों हाथ का.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “उन्होंने बताया?”

“नहीं. मैंने चोरी से फाइल देखी.”

त्यांनी वही स्वतःकडे ओढली. मग म्हणाल्या, “मैंने उनसे वादा किया था. पहले ही दिन उन्होंने हाथ जोड़े थे. बोलीं, मेरे पिताजी को मत बताइए कि नमक से नुक़सान हुआ. माँ के बाद वो इसी कॉपी के सहारे जी रहे हैं.”

दार बंद करून पंचवीस मिनिटं चाललेलं कारस्थान ते हे होतं. माझा संशय खरा निघाला, दोघी मिळून लपवतच होत्या. लपवत होत्या तो माझाच अपराध, आणि तोही माझ्याचसाठी.

“कितना नुक़सान हुआ?” मी विचारलं.

“थोड़ा तो हुआ है. कितना, मैं नहीं कह सकती.” गोड बोलून त्यांनी मला मोकळं केलं नाही, याबद्दल मी त्यांचा आयुष्यभर ऋणी आहे. “पर चार साल में किसी डॉक्टर ने भी दूसरा हाथ नहीं पकड़ा. उनका भी हिसाब होना चाहिए.”

मग त्यांनी वही उघडली. पानं उलटू लागल्या, आधी हळू, मग भराभर, मग पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक रविवार, वेळ, आकडा, आणि शेरा: मीठपाणी दिले. मला वाटत होतं, कुणीतरी माझा गुन्हा मोठ्यानं वाचतंय. पण मॅडमनी शेजारच्या खोलीतल्या तरुण डॉक्टरला हाक मारली. “देखो इधर. हर हफ़्ते. उसी हाथ का, उसी मशीन का, उसी आदमी का.” त्यांचे डोळे चमकत होते. मला म्हणाल्या, “हमारे पास मरीज़ तब आते हैं जब नाड़ी जा चुकी होती है. जाती कैसे है, ये हमने कभी नहीं देखा. इसमें दिखता है. इसकी ज़ेरॉक्स दे सकते हैं?”

मृणालने रक्त दिलं होतं. माझ्याकडे द्यायला ही एवढीच गोष्ट होती.

“मूळ वहीच ठेवा,” मी मराठीतच म्हणालो, आणि त्यांना कळलं. “पण पावती पाहिजे.”

त्यांनी खरंच पावती लिहून दिली. मीही प्रत्येक पानावर सही केली, शेऱ्यांसकट. निघताना म्हणालो, मला कळलंय हे मृणालला सांगू नका. मॅडमनी दोन्ही हात कपाळाला लावले. “आप लोगों के घर में सब ऐसे ही हैं क्या?”

खाली आलो तर मृणाल रिपोर्ट घेऊन रांगेबाहेर उभी, भांडायच्या तयारीत. “बाबा, मी औषध सुरू करणार आहे. तुम्ही मंगळवारी गेलात तरी मी राहणार.”

“तिकिटं रद्द करायला श्रीकांतला सांगितलंय,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. शेवटी मुलगी माझीच.

घरी

गोळ्यांनी चेहरा सुजला, भूक वाढली, मनःस्थिती वरखाली झाली, ते सगळं इथे लिहीत नाही. महिन्याभरात ताप गेला आणि सांधे मोकळे झाले. डाव्या मनगटाची नाडी अजून लागत नाही, कदाचित लागणारही नाही असं मॅडम म्हणाल्या. उजव्या हातातला आकडा मात्र उतरलाय. आमच्याकडे आता आमटी जवळजवळ अळणी असते आणि मी ती मुकाट्याने खातो.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी मृणाल टेबलाशी वह्या बाजूला सारून बसली आणि उजवा हात पुढे केला. “मॅडम म्हणाल्या, आता या हाताचा घेत जा. विशेष काही नाही, असंच.”

“बरं,” मी म्हणालो आणि नव्या वहीत आकडा लिहिला. डावा हात तिने ओढणीखाली ठेवला होता. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी तो तसाच ओढणीखाली असतो, मला फरक दिसू नये म्हणून. मीही तो मागत नाही. आम्ही दोघं एकमेकांना असे जपतोय आणि मला ते दिवसेंदिवस जड होतंय. तोंडानं सांगायला गेलो की माझ्याने होत नाही.

माझं लिहिलेलं काहीही छापायला जाण्याआधी मृणाल तपासते, लाल पेनाने. ही पानं मी आज तिच्या टेबलावर, मुलांच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून आलोय. परवा रविवार आहे. ती एक हात पुढे करते की दोन्ही, ते बघायचं.